बाळंतपण माहेरी की म्युनिकला, आणि बाळाचा पासपोर्ट कुठला?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही अमळनेरच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. मुलगी म्युनिकला नोकरीला, तिचा पासपोर्ट अजून भारतीय. जावई जर्मन. तिला सहावा महिना लागलाय आणि पहिलं बाळंतपण माहेरी करायची तुमची तयारी सुरू आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: बाळ इथे जन्मावं, त्याला दोन्ही देशांचं नागरिकत्व मिळावं आणि बोरीकाठची सहा एकर उद्या त्याच्या नावावर करता यावी. शेवटी तुम्ही अहिराणीत विचारलंत, "मना नातू कोनता देशना शे?" नात झाली तरी प्रश्न हाच राहणार, म्हणून मी पुढे 'बाळ' असंच लिहिते.

आधी नको असलेलं उत्तर देऊन टाकते. मोठ्या माणसाला भारताचं आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व एकत्र ठेवता येत नाही. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदापासून १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ पर्यंत सगळीकडे एकच सूर आहे: स्वतःहून दुसरीकडचं नागरिकत्व घेतलंत की इकडचं गेलं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, कुणी नोटीस पाठवत नाही, ते आपोआप जातं.

बाळाची गोष्ट मात्र जराशी वेगळी आहे आणि गोंधळ तिथेच होतो. बाळ काही स्वतःहून घेत नाही. ते जन्मतं आणि दोन देशांचे कायदे एकाच वेळी त्याला आपलं म्हणतात. तुमच्या नातवंडाचं तसंच होणार आहे. त्यामुळे दोन्ही मिळेल का, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्नच नाही. मिळेल, काही काळ. खरा प्रश्न असा की पहिला पासपोर्ट कुठला काढायचा. नागरिकत्व कायद्यानं आपोआप येतं, पासपोर्ट मात्र आपण हातानं अर्ज करून काढतो, आणि इथले नियम त्या अर्जालाच निवड समजतात. या कामात मला वीस वर्षं झाली. घोळ घातलेली जी घरं माझ्याकडे आली, त्यांतल्या बहुतेकांनी पहिला पासपोर्ट घाईत काढलेला होता, कुणाचं तरी लग्न गाठायचं किंवा आजीला बाळ दाखवायचं म्हणून.

आता दोन वाटा बघू.

समजा, बाळंतपण अमळनेरला किंवा जळगावला झालं. भारतात जन्मलेल्यांसाठी कलम ३ आहे, आणि ते तारखेप्रमाणे बदलत गेलंय. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत इथे जन्मलेलं मूल भारतीय, आई-बाप कुठलेही असोत (परदेशी वकिलातींतल्या अधिकाऱ्यांची मुलं सोडून). १ जुलै १९८७ पासून दोघांतला एक तरी भारतीय असावा लागला. ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली: एक भारतीय असेल तर दुसरा 'बेकायदा स्थलांतरित' नसावा. म्हणजे विनाकागद आलेला किंवा व्हिसा संपल्यावरही राहिलेला नसावा. तुमचे जावई व्हिसा घेऊन येतील, नाहीतर त्या दिवशी म्युनिकलाच असतील. दोन्हींत अडचण नाही. तेव्हा इथे जन्मलं तर बाळ जन्मानं भारतीय, वेगळा अर्ज नको. आणि बाप जर्मन असल्यामुळे वंशानं जर्मनही, कारण जर्मन कायदा जन्म कुठे झाला यापेक्षा आई-बाप कोण हे आधी बघतो.

ऐकायला छान वाटतं ना? आता पुढचं ऐका. तीन महिन्यांनी मुलगी बाळाला घेऊन परत निघणार. बाळाकडे काय असेल? जळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रातून भारतीय पासपोर्ट काढता येईल, आई-बाप दोघांच्या सहीचं संमतीपत्र जोडलं की फार त्रास नाही. पण तो घेऊन जर्मनीत शिरायचं कसं? त्यांच्या लेखी बाळ जर्मनच आहे. स्वतःच्या नागरिकाला ते व्हिसा किंवा राहण्याचा परवाना कसला देणार? म्हणजे जर्मन पासपोर्ट काढावाच लागेल. त्यासाठी आपला जन्मदाखला त्यांना पटला पाहिजे. भारतीय कागदांची त्यांच्या वकिलातीमार्फत स्वतंत्र पडताळणी होते आणि तिला आठवडे नाही, महिने लागतात. तो पासपोर्ट हातात आला की भारतीय पासपोर्ट परत करायचा, कारण दोन्ही वापरले तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्याखाली गुन्हा. आणि मुंबईत काढलेल्या जर्मन पासपोर्टवर भारतात आल्याचा शिक्का नसतो, व्हिसा नसतो. मग परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, ज्याला सगळे एफआरआरओ म्हणतात, देश सोडण्याची परवानगी काढायची. तोवर बाळ सहा महिन्यांचं होतं, मुलीची रजा संपलेली असते आणि जावई रोज फोनवर एकच प्रश्न विचारत असतो.

हे सगळं होतं, होत नाही असं नाही. मी करून दिलंय. पण ताई, खरं सांगू? ज्यांचं राहतं घर तिकडे आहे त्यांना मी हल्ली सांगते की या वेळी माहेर तिकडे न्या. डिंकाचे लाडू, हळीव, बाळंतविडा बॅगेत भरा आणि तुम्हीच जा. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. बाळंतिणीचा सव्वा महिना त्यात आरामात निघतो. माझ्याकडे अशा आज्या येऊन गेल्या आहेत, त्यांनी तिकडच्या गोठवणाऱ्या थंडीत बाळाला ओव्याची धुरी दिली आणि घरातला धुराचा अलार्म वाजवून बिल्डिंग खाली उतरवली. तेवढं मात्र करू नका.

आता दुसरी वाट. बाळ म्युनिकला जन्मलं. बापामुळे जर्मन आहेच. भारतासाठी आता कलम ३ नाही, कलम ४ लागतं, वंशानं मिळणारं नागरिकत्व. यातली एक तारीख मला कायम बोचते. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेलं मूल भारतीय व्हायला बाप भारतीय लागायचा. आई भारतीय असून उपयोग नव्हता. म्हणजे तुमच्या मुलीसारख्या मुलीचं मूल तेव्हा परकंच ठरलं असतं. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, जन्म नैरोबीचा, १९९० चा, आई चोपड्याची. त्यांना आयुष्यभर आपण भारतीय आहोत असंच वाटत होतं. दोन वर्षांचा फरक. १९९२ पासून आई किंवा वडील, दोघांतला कुणीही एक चालतो.

३ डिसेंबर २००४ पासून मात्र नुसतं जन्मून भागत नाही. एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात जन्माची नोंद करावी लागते. म्युनिकला आपलं कॉन्सुलेट आहेच, लांब जायला नको. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. मिळते, पण वाट बघावी लागते. आणि नोंद करताना आई-बापांनी लिहून द्यायचं असतं की बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. लक्ष द्या, शब्द 'पासपोर्ट' असा आहे, 'नागरिकत्व' असा नाही. बाळ जर्मन नागरिक आहे हे भारताला ठाऊक असतं आणि चालतं. जर्मन पासपोर्ट काढला असेल तर ते चालत नाही. म्हणूनच मी वर पासपोर्टचं एवढं पालुपद लावलं.

त्याच कलमाच्या पोटात एक छोटं उपकलम आहे, ४(१अ). दुहेरी नागरिकत्वाबद्दल भारतीय कायद्यात जी काही सवलत आहे ती एवढीच. कलम ४ खाली भारतीय झालेलं मूल जर दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर १८ वर्षं पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत त्यानं दुसरं नागरिकत्व सोडायचं. सोडलं नाही तर भारताचं जातं. म्हणजे साडेअठरा वर्षांपर्यंत दोन्ही. ही तारीख आमच्याकडे कुणी कॅलेंडरवर लिहून ठेवत नाही. बारावीची परीक्षा, प्रवेश, हॉस्टेल यांत ती निघून जाते आणि पुढचा पासपोर्ट काढायला गेलं की कळतं. एक गोष्ट वकिलांच्याही नजरेतून सुटते: हे उपकलम फक्त कलम ४ वाल्यांना आहे. अमळनेरला जन्मलेलं बाळ कलम ३ चं, त्याला साडेअठराची अट नाही. त्याला लागू होतं ते कलम ९, आणि नागरिकत्व नियमांत परदेशी पासपोर्ट काढणं हाच ते नागरिकत्व स्वेच्छेनं घेतल्याचा पुरावा धरला आहे. तान्ह्या बाळाची स्वेच्छा कसली, हा वाद वकील घालतात, मीही घातलाय. पण खिडकीपलीकडच्या माणसाला तो ऐकून घ्यायला वेळ नसतो.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी एक बातमी तुम्हीही पाठवलीत, 'जर्मनीनं दुहेरी नागरिकत्व सुरू केलं'. खरी आहे, पण अर्धी. २७ जून २०२४ पासून जर्मनी आपल्या नव्या नागरिकांना जुनं नागरिकत्व सोडायला लावत नाही. अडवणारा जर्मनी नाहीच आता, अडवणारं आपलं कलम ९ आहे. उद्या तुमच्या मुलीनं जर्मन नागरिकत्व घेतलं तर जर्मनी म्हणेल, ठेव बाई तुझं भारतीयही. आणि भारत म्हणेल, आमचं त्याच दिवशी गेलं. मुलीनं ते घेतल्यावर बाळाचं भारतीय नागरिकत्व सोबत जातं का, हेही लोक विचारतात. कलम ८ खाली कुणी लेखी देऊन नागरिकत्व सोडलं तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलांचंही जातं, आणि त्यांना १८ नंतर एका वर्षात ते परत मागता येतं. पण परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे आपोआप गेलेलं, म्हणजे कलम ९ चं, त्यात धरायचं नाही असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलंय. तुमच्या मुलीचा असा विचार असेल तर आधी मला एक फोन करायला सांगा.

मग प्रत्यक्षात लोक काय करतात? तिकडे राहणारे शंभरातले बहुतेक जण जर्मन पासपोर्ट काढतात आणि त्यावर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड घेतात. आई किंवा वडील भारतीय असतील तर अज्ञान मुलाला ओसीआय मिळतं. पण आजोबा-पणजोबांपैकी कुणी कधीही पाकिस्तानचा किंवा बांगलादेशचा नागरिक असता कामा नये. तुमच्याकडे तसं काही नाही, जावयाकडे तर नाहीच. ओसीआयला 'ओव्हरसीज सिटिझन' म्हणतात म्हणून सगळ्यांना ते नागरिकत्वच वाटतं. तसं नाही. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, जरा मानाचा. हवं तेव्हा या, हवं तितकं राहा, पोलिसांकडे नोंद नको, देशांतर्गत विमानाचं तिकीट आणि अजिंठ्याचं प्रवेशशुल्क भारतीयांच्या दरानं. मत नाही, निवडणूक लढवणं नाही, सरकारी नोकरी नाही. वयाची वीस वर्षं व्हायच्या आत पासपोर्ट नवा झाला की दर वेळी नवा फोटो आणि पासपोर्ट ऑनलाइन चढवायचा, वीस झाल्यावर निघणाऱ्या पहिल्या पासपोर्टच्या वेळी कार्ड एकदा नव्यानं करायचं. लग्नाला दोन वर्षं झाली असतील तर जावयालाही ओसीआय मिळू शकतं. मात्र त्याचं कार्ड लग्नावर उभं असतं, घटस्फोट झाला की जातं. बाळाचं तसं नाही.

शिक्षणाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण मी सांगणारच, कारण एका घराचं झालेलं नुकसान मी जवळून पाहिलंय. धुळ्याचं कुटुंब, नवरा-बायको दोघं भारतीय. मुलगा टेक्सासचा, म्हणून जन्मानं अमेरिकी. बाळ दोन महिन्यांचं असताना चुलत्याच्या लग्नाला यायचं म्हणून अमेरिकी पासपोर्ट काढला. कलम ४ ची नोंद तेव्हाच हातची गेली. चौदा वर्षांनी सगळे कायमचे धुळ्याला परतले आणि मुलाचं ओसीआय २०२२ मध्ये झालं. मुलगा हुशार, दोन वर्षं नीटचा क्लास लावला. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, जळगावला आहे, नंदुरबारलाही झालंय. घराजवळच शिकेल, असा हिशेब. आणि ४ मार्च २०२१ ची अधिसूचना कुणी वाचलेलीच नव्हती. तिच्याप्रमाणे ओसीआयवाल्यांना नीट, जेईईसारख्या परीक्षांतून फक्त एनआरआय जागांवर प्रवेश. भारतीयांसाठी राखलेल्या जागा त्यांना नाहीत. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ज्यांचं कार्ड त्या तारखेआधीचं होतं त्यांची सोडवणूक केली. यांचं नंतरचं. वडील माझ्यासमोर बसून म्हणाले, "मॅडम, पोरगा आमचा, घर आमचं, मार्कं त्याची, मग?" मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांना एनआरआय जागांच्या फीचा कागद दाखवला, तेवढंच.

तुमची मुलगी परतणार नाही असं तुम्ही म्हणता. आज म्हणता. दहा वर्षांनी काय होईल कुणी पाहिलंय? परत यायची थोडी जरी शक्यता असेल तर कलम ४ ची नोंद आधी करून, भारतीय पासपोर्टवर काही वर्षं काढता येतात का, याचा विचार त्यांनी जरूर करावा. तिकडे अडचण होईलच, कारण वर सांगितलं तसं जर्मनी त्या बाळाला परदेशी मानणार नाही. तो निर्णय तुमचा नाही, माझाही नाही. पण पहिल्या वर्षातच घ्यावा लागेल.

आता शेत. खरं तर तुमच्या मनातला मुख्य प्रश्न हाच असावा, कारण पत्रात त्याच्यावरच सर्वांत जास्त ओळी आहेत.

रावेर भागातले एक केळीवाले आजोबा बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले होते. नातू अमेरिकेत जन्मलेला, ओसीआय. चार एकर त्याच्या नावानं करायची, पाचव्या वाढदिवसाला भेट. मसुदा एका ओळखीच्यानं उत्तम लिहिला होता, चतुःसीमा, गट नंबर, विहिरीतला हिस्सा, सगळं. मी त्यांना म्हटलं, हा कागद फाडा. परकीय चलनाच्या कायद्याखालचे २०१९ चे नियम आहेत. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला आणि ओसीआयला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही आणि बक्षीसही घेता येत नाही. घर, दुकान, एनए प्लॉट चालतो, नातेवाइकानं बक्षीस दिलेलाही चालतो. शेत नाही. पण वारसानं आलेली शेतजमीन? ती चालते. भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारसा हक्कानं कुठलीही स्थावर मिळकत त्यांना मिळू शकते, सातबारासकट. म्हणजे बक्षीसपत्र नाही, मृत्युपत्र. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे देवासाठी मरणं पडी." द्यायचं तर मरावं लागेल, असं. मी म्हटलं, हो बाबा, कायदा तसाच आहे.

तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा मुद्दा असा. लोकांना वाटतं, नातवाचा पासपोर्ट भारतीय ठेवला की शेताचा प्रश्न सुटला. सुटत नाही. भारतीय पासपोर्टवर म्युनिकला राहणारा नातूसुद्धा एनआरआयच, त्यालाही शेतजमीन घेता किंवा बक्षीस स्वीकारता येत नाही. हा नियम माणूस राहतो कुठे ते बघतो. हीच गोष्ट तुमच्या मुलीची. आज तिच्या नावानं बक्षीसपत्र केलंत तर तेही अडचणीचं. तेव्हा शेतापायी बाळाचा पासपोर्ट ठरवू नका, दोन वेगळ्या गाठी आहेत. नोंदणीकृत मृत्युपत्र करा. त्यात मुलगी, ती नसेल तर तिचं अपत्य, असं स्पष्ट लिहा. बाळ जन्मायच्या आधीही तसं लिहिता येतं. पुढे त्यांना विकावंसं वाटलं तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येईल, आणि आपल्याकडे कुळकायद्यामुळे घेणाराही शेतकरीच लागतो. शेअर, ठेवी, घर यांना हे जोखड नाही. अमळनेरला विप्रोचे जुने शेअर असलेली घरं आहेत, तुमचं त्यांतलं असेल तर नातवाला खुशाल नॉमिनी करा.

कागदांचं थोडं. बाळ इथे झालंच तर जन्माची नोंद २१ दिवसांत. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, शाळेचा दाखला नाही. त्यामुळे त्यातली चूक जन्मभर पुरते. आणि चुका कशात होतात? नावात. आपल्याकडे बारशापर्यंत नाव ठरत नाही, दाखला नावाशिवायच निघतो. मग आत्या नाव ठेवणार. तुमच्या बाबतीत आत्या जर्मन, तिला आधीच विचारून ठेवा. आपल्याकडच्या नोंदीत मूल, बाप, आडनाव अशी तीन नावं सवयीनं लिहिली जातात. जर्मन कागदावर बापाचं नाव मुलाच्या नावात सहसा नसतं. मग एका बाळाची दोन नावं होतात आणि दोन्ही देश विचारतात, हे कोण? फॉर्म भरताना तिथे उभं राहून सांगायचं की बाळाचं नाव आणि आडनाव एवढंच. आईचं नाव तिच्या पासपोर्टवर आहे तसंच. लग्नानंतर आपण पाटलांची पवार करतो आणि पासपोर्ट पाटलांचाच राहतो, हे खान्देशात घरोघरी आहे.

आणखी एक नाजूक गोष्ट, राग मानू नका. दोन देशांचे आई-बाप असले की बाळाचा पासपोर्ट कधीकधी भांडणातलं हत्यार होतो. मुलांना परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेण्याबद्दलचा १९८० चा जो हेग करार आहे, त्यात जर्मनी आहे, भारत नाही. तिकडून जोडीदाराला न सांगता मुलाला घेऊन आलेल्या आया माझ्याकडे येतात. मुलीला एवढंच सांगा की पासपोर्टचा अर्ज दोघांनी मिळून करायचा आणि प्रवासाची संमती लेखी घ्यायची, चांगले दिवस असताना.

तुमच्या भाचीचं न्यू जर्सीत आहे म्हणालात. नवरा-बायको दोघं भारतीय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. अमेरिकेत चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे तिथे जन्मलेलं मूल अमेरिकी. पण जानेवारी २०२५ मध्ये तात्पुरत्या व्हिसावरच्यांच्या मुलांना ते न देण्याचा आदेश निघाला आणि लगेच न्यायालयात गेला. तेव्हा प्रसूतीच्या तारखेला काय स्थिती आहे ते तिनं तिथल्या वकिलाला विचारावं. अमेरिकी नागरिकानं अमेरिकेत ये-जा अमेरिकी पासपोर्टवरच करायची असा त्यांचा कायदा आहे, म्हणून तिकडे कलम ४ चा उपयोग फार थोड्यांना होतो. ब्रिटनमध्ये १९८३ पासून नुसत्या जन्मानं काही मिळत नाही, आई किंवा बाप नागरिक वा कायम रहिवासी असावा लागतो. आखातात तर जन्मानं मिळण्याचा प्रश्नच नाही. दुबई-मस्कतला बाळ झालं आणि आपल्या दूतावासात नोंद केली नाही, तर ते कुठलंच राहत नाही. त्या भागात गेलेल्या आपल्याकडच्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच सांगते.

आता तुमचं. मृत्युपत्रासाठी सातबारा, आठ-अ आणि दोन साक्षीदार घेऊन कधीही या, सोमवार सोडून. मुलीच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, लग्नाचा दाखला आणि जावयाचा जन्मदाखला मागवून ठेवा. जावयाचा जन्म जर्मनीतलाच आहे ना, हे विचाराच. १९९९ नंतर परदेशात जन्मलेला जर्मन परदेशातच राहत असेल आणि त्याचं मूलही परदेशात जन्मलं, तर वर्षाच्या आत त्यांच्याकडेही नोंद करावी लागते. नाहीतर त्याला जर्मनीचं नागरिकत्वही मिळत नाही. जावई म्युनिकला राहतात तोवर हा नियम त्यांना लागत नाही, पण त्यांचा जन्म तसा असेल आणि बाळाआधी ते जर्मनी सोडून बाहेर राहायला गेले, तर अमळनेरच्या बाळंतपणाचा विचार पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल.